टेपच्या पोटातला आवाज

बाबांनी टीव्हीवर पंचा टाकला आणि शलाकाला म्हणाले, “हं. आता सिनेमा बघ.”

“आबा, दिसणार कसा?”

“कानांनी बघ.”

शलाका माझी मुलगी, वय दहा. तिचे आबा म्हणजे माझे वडील, उल्हास सरनोबत. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. मी लहान होते तेव्हा संध्याकाळी ते राजारामपुरीत व्हिडिओ लायब्ररीही चालवत. त्या काळी लोक सिनेमा कॅसेटवर भाड्याने आणून घरी बघत.

दुकान बंद झालं, तरी बाबांची एक रीत टिकली. कुठलाही सिनेमा ते दोनदा तपासत. एकदा आवाज बंद करून फक्त चित्र, आणि एकदा पडद्यावर पंचा टाकून फक्त आवाज. “डोळे आणि कान एका बाकावर बसवले की एकमेकांची कॉपी करतात,” ते म्हणत. “चित्र छान असलं की कान उगाच म्हणतात, आवाजही छान. म्हणून दोघांची परीक्षा वेगळी घ्यायची.” मग लांबट वहीत गुण लिहायचे. एक रकाना चित्राचा, एक आवाजाचा, शेवटचा शेऱ्याचा.

त्या गुरुवारी ते शलाकाला ‘सोनकीचा माळ’ या जुन्या मराठी सिनेमाच्या चार प्रती दाखवत होते. कॅसेट, व्हिडिओ सीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे. शलाकाने वहीत डोकावून पाहिलं.

“आबा, ब्ल्यू-रेला चित्रात नऊ आणि आवाजात फक्त सहा?”

“बरोबर आहे.”

“आणि या जुन्यापुराण्या कॅसेटला चित्रात चार, पण आवाजात दहा? तुम्ही तर कुणालाच दहा देत नाही! मला निबंधालासुद्धा साडेसहा दिले होते.”

“तुझ्या निबंधात गाय दोनदा आली होती,” बाबा म्हणाले. “कॅसेटला दहा का, ते उद्या सांगतो. त्यासाठी एक यंत्र लागतं. ते आपल्याकडे नाही.”

मग ते जेवले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, तसं ते रोजच म्हणत. चष्म्याची काडी सैल झाली आहे, शनिवारी दुकानात नेऊया, असंही म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी ‘पारखी’ आमच्या घरी आला. २०३९ साली हे नाव शाळेतल्या मुलांना पाठ होतं. चित्रजतन केंद्राचा हा यंत्रमानव घरोघरी जाऊन लोकांकडचे जुने सिनेमे तपासायचा. आकाराने कुकरएवढा, दोन लांब हात, आणि बोलणं नव्या शिक्षकासारखं अदबीचं. ज्या सिनेमाची मूळ फिल्म हरवली आहे, त्याची सगळ्यात चांगली प्रत निवडायची आणि ती काचेच्या तबकडीवर कोरायची, हे त्याचं काम. काचेवरचं कोरीव काम हजार वर्षं टिकतं. पण एका तबकडीला फार वेळ लागतो, म्हणून एका सिनेमाची एकच प्रत निवडायची असा नियम होता. उरलेल्या कॅसेटी आणि डिस्क वितळवून त्यांच्या प्लॅस्टिकचे पाइप बनत.

‘सोनकीचा माळ’ची मूळ फिल्म गोदामातल्या ओलीने कधीच खराब झाली होती. जगात उरल्या होत्या त्या अशाच घरगुती प्रती.

“नमस्कार,” पारखी म्हणाला. “मी संध्याकाळी सहापर्यंत इथे आहे. आधी चित्र पाहू.”

“आवाज बंद करून,” शलाकाने बजावलं.

“का?”

“कॉपी करतात म्हणून.”

पारखीला ते कळलं नाही, पण त्याने आवाज बंद केला. मग एकच दृश्य चारही प्रतींतून पडद्यावर शेजारी शेजारी मांडलं. पिवळ्या सोनकीच्या फुलांनी भरलेला माळ आणि त्यात उभी एक बाई. ब्ल्यू-रेत फूल न् फूल वेगळं दिसत होतं. व्हिडिओ सीडीत माळावर पिवळी चादर टाकल्यासारखी वाटत होती आणि बाईच्या चेहऱ्यावर चौकोन चौकोन उमटले होते.

“हे चौकोन कुठून आले?” शलाकाने विचारलं.

“भिंतीवर तो पोपट आहे ना, तो कुणी केला?” पारखीने उलट विचारलं.

“माझ्या पणजीने. दोसुतीच्या कापडावर भरलाय.”

“डिस्कवरचं चित्रही असंच टाक्याटाक्याने भरलेलं असतं. एकेका टाक्याला चित्रबिंदू (चित्राचा सगळ्यात लहान ठिपका, ज्याला एकच रंग असतो) म्हणतात. व्हिडिओ सीडीच्या एका चित्रात सुमारे एक लाख टाके असतात. डीव्हीडीत चार लाख. ब्ल्यू-रेत वीस लाख.”

“म्हणजे पोपट तेवढाच, पण टाके बारीक.”

“अगदी. शिवाय व्हिडिओ सीडीत जागा फार कमी. सिनेमा मावावा म्हणून त्याचं संक्षेपण (माहिती दाबून लहान करणं) करावं लागतं. जवळपासच्या बिंदूंचा एक गट करायचा आणि त्यातले बारीक फरक सोडून द्यायचे. फार दाबलं की गटांच्या कडा दिसू लागतात. तेच हे चौकोन.”

“आणि कॅसेटमध्ये?”

“कॅसेटमध्ये टाके नसतात. तिथे चुंबकीय टेपवर लाटा लिहिलेल्या असतात. लाट उंच तिथे उजेड, सखल तिथे अंधार. पण त्या लाटांमध्ये फार बारकावा मावत नाही. म्हणून कॅसेटचं चित्र साधारण व्हिडिओ सीडीएवढंच स्पष्ट. चौकोन नाहीत, पण सगळं थोडं विरघळल्यासारखं. माझे गुण असे: कॅसेट चार, व्हिडिओ सीडी तीन, डीव्हीडी सात, ब्ल्यू-रे नऊ.”

शलाकाने वही उघडली. बाबांचे आकडेही तेच होते. तिने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

“आता आवाज,” पारखी म्हणाला. त्याने कॅसेट आपल्या पोटातल्या प्लेअरमध्ये घातली. शलाकाने टीव्हीवर पंचा टाकला. सूंऽऽ असा आवाज घुमू लागला आणि त्यातून बाईचे शब्द कुणीतरी मडक्यात तोंड घालून बोलावं तसे येऊ लागले.

“तीन,” पारखी म्हणाला. “ब्ल्यू-रेला नऊ. निर्णय सोपा आहे.”

“थांबा!” शलाका ओरडली. “आबांनी कॅसेटला दहा दिलेत!”

“उतारवयात बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुमच्या आबांना ही सूंसूं कदाचित ऐकूच—”

“माझे आबा बहिरे नव्हते! तूच बहिरा!” तिने वहीचा शेवटचा रकाना त्याच्यासमोर धरला. “वाच. ‘आवाज आनंदाच्या यंत्रावर ऐकावा.’ आई, आनंदा कोण?”

त्या शेऱ्याखाली आणखी एक ओळ होती, आणि पारखी तीही मोठ्याने वाचत होता. “‘५२ ते ६१ ही नऊ मिनिटं आनंदाच्या घरी पुसली गेली.’ ही नोंद महत्त्वाची आहे. कॅसेट निवडली गेली, तर शेरेही काचेवर कोरले जातील.”

बाबांच्या वहीत शेकडो ओळी होत्या. त्यातली ही एक चुकीची होती, आणि ते मला एकटीला ठाऊक होतं.

आनंदा चौगुले हे बाबांचे सख्खे मित्र. या सिनेमाचा आवाज ज्यांनी ध्वनिमुद्रित केला ते बाबांच्या ओळखीचे होते. त्यांनी सिनेमागृहात जायच्या आधीची, टेपवर उतरवलेली ताजी प्रत बाबांना आणि आनंदाकाकांना एका दुपारपुरती दिली, आणि दोघांनी मिळून तिच्यावरून ही कॅसेट भरली. ती वर्षभर दोन्ही घरांत फिरत होती. २००१ सालच्या मे महिन्यात ती आनंदाकाकांच्या घरून परत आली. पुन्हा कुणी काही भरू नये म्हणून कॅसेटची एक लहान खिटी मोडून ठेवतात, तशी हिचीही मोडलेली होती. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेटवर पुन्हा भरता येतं, हे लायब्ररीवाल्याच्या मुलीला माहीत नसेल तर कुणाला असेल? मी दहा वर्षांची होते. टीव्हीवर कोल्ह्याचं कार्टून लागलं होतं. हाताशी हीच कॅसेट होती, तिच्यावरच मी ते भरायला लावलं. दहा मिनिटांच्या आत मला कळलं की मी काय केलंय. मी पट्टी काढली आणि कॅसेट जागेवर ठेवून दिली.

आठवड्याने बाबांनी ती लावली. आनंदाकाकांना कार्टूनवेडे दोन मुलगे होते. “तुझ्या पोरांनी केलं,” बाबा म्हणाले. “माझी पोरं असलं करायची न्हाईत,” काका म्हणाले. दोघेही मानी. अडतीस वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. बाबा गेले त्या दिवशी काका आले होते. फाटकापाशी उभे राहिले आणि आत न येता परत गेले.

पारखी सहा वाजता ब्ल्यू-रे घेऊन गेला असता, तर कॅसेट वितळली असती. मग ती ओळही काचेवर गेली नसती. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात मी तरबेज होते.

“आई, सांग ना, आनंदा कोण? त्यांच्याकडे ते यंत्र असेल का? आबांचं बरोबर आहे हे तुला माहितीये ना?”

माहीत होतं. मी फोन उचलला.

आनंदाकाका कसबा बावड्याहून तासाभरात आले. यंत्र दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलेलं. रिक्षातून उतरताना त्यांनी ते कुणाच्या हातात दिलं नाही.

“काय गं मंजे, केस पिकलं की तुझं.”

“तुमचे तर गेलेच, काका.”

“गेलं ते बरं झालं. कंगव्याची कटकट मिटली.” ते हसले, मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. शलाकाने त्यांच्यापुढे वही धरली. त्यांनी पहिला शेरा वाचला, दुसरा वाचला, आणि वही मिटून परत दिली. “अक्षर अजून तसंच हाय,” एवढंच म्हणाले.



“हे यंत्र माझ्या मेव्हण्यानं दुबईवरनं आणलं हुतं,” ते शलाकाला सांगू लागले. “हाय-फाय. तवा कोल्हापुरात अशी हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच. पट्टे बदलत बदलत चालू ठेवलंय. हिकडं ये, बघ.” त्यांनी झाकण उघडलं. आत चकचकीत धातूचा डबा होता, तिरका बसवलेला. “हा ढोल. ह्यो गरागरा फिरतो, एका सेकंदाला पंचवीस वेळा.”

“यावर काय असतं?”

“ह्या बारक्या खुणा दिसत्यात का? ही डोकी. डोकं म्हंजे बारकं लोहचुंबक, टेपवर लिहितं आणि वाचतं. आता सांग, साध्या मशीनमधी आवाज कुठं लिहित्यात?”

उत्तर पारखीने दिलं. “टेपच्या कडेला, अरुंद पट्टीवर. तिथलं डोकं स्थिर असतं आणि टेप त्याच्यासमोरून सरकते. सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर.”

“मग एवढ्याशा जागेत काय मावणार?”

“हे बरोबर आहे,” पारखी शलाकाला म्हणाला. “आवाज म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात जितक्या वेळा थरथर होते, त्या आकड्याला कंपनसंख्या म्हणतात. नगाऱ्याची कमी, घुंगराची जास्त. घुंगराच्या दहा हजार लाटा सव्वादोन सेंटिमीटरमध्ये लिहायच्या तर त्या एकमेकींवर चढतात. वाचताना पुसट होतात.”

“पण डोकंच जर गरागरा फिरत असलं तर?” काकांनी विचारलं.

शलाकाने बोट ढोलाभोवती फिरवलं. “टेप हळूच जाणार... पण डोकं तिच्यावरून जोरात पळणार. म्हणजे लिहायला जास्त जागा!”

“सेकंदाला जवळजवळ पाच मीटर,” पारखी म्हणाला. “कडेच्या पट्टीच्या दोनशे पट.” आणि मग तो एकदम थांबला. यंत्रमानव चाचरतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. “पण... त्या जागेवर तर चित्र लिहिलेलं असतं.”

“भुईमूग बघितलायस का कधी?” काका म्हणाले. “वर पाला, खाली शेंगा. जागा तीच. ह्या यंत्रात आधी आवाजाचं डोकं जातं, ते टेपच्या पोटात खोल लिहितं. त्याच्या मागनं चित्राचं डोकं येतं, ते वरच्या वर लिहितं. कडंला साधी पट्टी बी असती, साध्या मशीनसाठी. म्हंजे एका टेपवर आवाज दोनदा. तू पाला बघितलास आणि शेंगा नाहीत म्हणून सांगिटलंस.”

पारखीने आपल्या पोटातली कॅसेट काढून काकांच्या हातात दिली.

काकांनी कॅसेट लावली. शलाकाने पंचा सारखा केला. सूंसूं नव्हती. खोलीत वारा आला, म्हणजे आवाजातला वारा, गवतातून सरकत जाणारा. किडे किरकिरत होते. लांबून, डावीकडून, शेळीच्या गळ्यातली घंटा अगदी बारीक वाजली आणि हळूहळू उजवीकडे गेली. बाईने बोलायच्या आधी श्वास घेतला, तोही ऐकू आला.

“आता ब्ल्यू-रे लाव,” शलाका पारखीला म्हणाली.

ब्ल्यू-रेत बाईचा आवाज स्वच्छ होता. पण भोवती काहीच नव्हतं. वारा नाही, किडे नाहीत. कपाटात उभी राहून बोलत असावी तसं.

शलाकाने पंचा ओढून काढला. “परत लाव! ती बाई मान वळवते बघ. आता का वळवली?”

पारखीने दृश्य पुन्हा लावलं. बाई गप्प उभी होती आणि काही कारण नसताना तिने मान उजवीकडे वळवली.

“घंटेमुळे!” शलाका म्हणाली. “ती घंटेकडे बघते. आणि यात घंटाच नाही!”

“समजलं,” पारखी सावकाश म्हणाला. “ब्ल्यू-रे सिनेमागृहात झिजलेल्या फिल्मवरून केली होती. तिच्यात खरखर होती. ती काढायला संगणकाने गोंगाटनिवारण (नको असलेला आवाज ओळखून पुसणं) केलं. वाऱ्याची सळसळ आणि फिल्मची खरखर मोजमापात जवळजवळ सारख्या दिसतात. संगणकाने दोन्ही पुसलं, आणि बारीक घंटाही त्यात गेली. उल्हास सरांनी शेऱ्यात ‘धुतलेला आवाज’ लिहिलं आहे. मला त्याचा अर्थ लागला नव्हता. मी स्वच्छ आवाजाला चांगला आवाज समजलो.”

“मग गुण?”

“कॅसेट, दहा. ब्ल्यू-रे, सहा.”

शलाकाने उडी मारली. काकांनी पंच्याने डोळे पुसले आणि म्हणाले, “धूळ फार हाय ह्याच्यावर.”

“एका सिनेमाची एक प्रत, हा नियम मी बदलायची शिफारस करतो,” पारखी म्हणाला. “चित्र ब्ल्यू-रेचं, आवाज कॅसेटचा, दोन्ही जोडून एक तबकडी. आणि केंद्राच्या गोदामात मी नापास केलेल्या सहाशे बारा कॅसेटी आहेत. अजून वितळवलेल्या नाहीत. उद्यापासून त्या सगळ्या अशा यंत्रावर पुन्हा ऐकायच्या. चौगुले साहेब, तुम्ही येऊन शिकवाल का?”

“चहा देत असशील तर येतो.”

“आता पुसलेली नऊ मिनिटं तपासू.” पारखीने कॅसेट बावन्नाव्या मिनिटावर नेली. माळ गेला आणि कोल्हा उड्या मारत आला. आवाज पुन्हा मडक्यातला, सूंसूं करणारा. “इथे आवाज ब्ल्यू-रेचाच घ्यावा लागेल. कुठे अशी दुसरी कॅसेट सापडली तर नंतर भरून काढता येईल. शेरा असा कोरतो: ही नऊ मिनिटं आनंदा चौगुले यांच्या घरी—”

“कोर,” काका म्हणाले. “त्यानं लिवलंय ते ऱ्हाऊ दे. आता त्याच्याशी कशाला भांडू?”

“नाही, थांबा!” शलाका यंत्राच्या दिव्याकडे पाहत होती. मघाशी माळाच्या दृश्यात ‘हाय-फाय’ असा हिरवा दिवा पेटलेला होता. आता तो विझला होता. “आजोबा, तुमच्या यंत्रावर काही भरलं तर आवाज पोटात जातो ना? नेहमी?”

“व्हय. आपोआप.”

“मग कोल्ह्याच्या पोटात आवाज का नाही? इथे फक्त कडेची पट्टी आहे!”

पारखीने तपासलं. “बरोबर. हा भाग साध्या यंत्रावर भरला आहे. साध्या यंत्राने आधी सगळी टेप पुसली, पोटातला आवाजही, आणि नवा फक्त कडेला लिहिला. चौगुले साहेब, त्या वेळी तुमच्या घरी साधं यंत्र होतं?”

“एकच यंत्र आयुष्यात घेतलं. हेच.”

“मग तुमच्या घरी हे झालेलं नाही.”

काका सावकाश खुर्चीत बसले. “माझी पोरं न्हवती,” ते फोटोकडे बघून म्हणाले. “सांगत हुतो की रं, उल्हास.”

“आबा चुकले?” शलाकाचा आवाज उतरला. “आबा कसे चुकले?”

“त्यांच्याकडे मोजायला पुरेशी माहिती नव्हती,” पारखी म्हणाला. “मी सकाळी चुकलो, तसंच. दुरुस्ती करता येते. फक्त शेरा अपुरा राहतो. ही नऊ मिनिटं कुणी पुसली?”

साधं यंत्र त्या वर्षी आमच्या दुकानात होतं. पारखीला ते माहीत नव्हतं. शलाकालाही नाही. काका माझ्याकडे बघत नव्हते, त्यांच्या मनात तसं आलंही नव्हतं. “अज्ञात” असा शब्द काचेवर सहज कोरता आला असता, हजार वर्षांसाठी.

मी उठले आणि काकांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

“काका, मी पुसली,” मी म्हणाले. “खाचेवर चिकटपट्टी लावून, दुकानातल्या यंत्रावर. तुम्ही दोघं भांडत होतात तेव्हा मी दाराआड उभी होते. बाबांना सांगायला माझ्याकडे अडतीस वर्षं होती, आणि मी सांगितलं नाही. बाबा, मी पुसली.”